तीन फुटांची वाट : लहान घराचा नकाशा कसा वाचावा

बेळगावात फ्लॅट बघायला निघालेल्या माणसाला एक अनुभव हमखास येतो. अनगोळ असो, गणेशपूर असो की हिंडलगा, जाहिरातीत लिहिलेलं असतं '२ बीएचके, १००० चौरस फूट'. आत जाऊन उभं राहिलं की प्रश्न पडतो, हे हजार फूट गेले कुठं? शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत हाच प्रश्न उलट बाजूने येतो. भावाभावांत वाटणी होऊन बारा फूट रुंद आणि साठ फूट लांब अशी पट्टी वाट्याला येते. हिशेबाने ७२० चौरस फूट होतात, पण पाच माणसांच्या घरात पाहुणा आला की बसवायचं कुठं, याची चिंता.

दोन्हीकडची अडचण एकाच जागी आहे. चौरस फुटांवरून किंमत ठरते. राहणं सुखाचं होणार की नाही, हे मात्र घरातली चालायची वाट कुठून जाते, दारं कुठं उघडतात आणि उजेड कुठपर्यंत पोचतो यावर ठरतं. या तीन गोष्टी नकाशात आधीच दिसतात, फक्त बघायची सवय हवी.

हजार फुटांत आत किती?

तीन शब्द एकदा नीट समजून घेऊ. कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची फरशी. बिल्टअप म्हणजे कार्पेट अधिक बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी. त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज यांतला तुमचा वाटा मिळवला की सुपर बिल्टअप. जाहिरातीत बहुतेक वेळा हा तिसरा आकडा असतो. शेतकऱ्याला हे लगेच कळेल. उताऱ्यावर एक एकर असतो, पण बांध, विहीर, गाडीवाट आणि पोटखराबा वजा जाता नांगराखाली येते तेवढीच पिकाची जमीन. कार्पेट म्हणजे ती नांगराखालची जमीन.

रेरा हा स्थावर मालमत्तेच्या नियमनाचा २०१६ चा कायदा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला आणि त्याने कार्पेटची व्याख्या पक्की केली. बाहेरच्या भिंती, पाइपांचा डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरायची नाही, खोल्या-खोल्यांमधल्या आतल्या भिंती मात्र धरायच्या. ही शेवटची गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटते. दोन बेडरूमच्या घरात आतल्या भिंतींची लांबी सहज ६० फूट भरते. चार इंची भिंत गिलावा धरून पाच इंच होते, म्हणजे २५ चौरस फूट भिंतीखालीच गेले. कागदावर ६८० कार्पेट असेल तर झाडू ६५५ फुटांवर फिरतो.

आता दोन फ्लॅट शेजारी ठेवून बघू. पहिला १००० सुपर बिल्टअप, दर समजा ४५०० रुपये, म्हणजे ४५ लाख. आत कार्पेट ६८०. दुसरा ९०० सुपर बिल्टअप, दर ४९००, म्हणजे ४४ लाख १० हजार. आत कार्पेट ६९०. दर ऐकला तर दुसरा महाग वाटतो. कार्पेटने भागल्यावर पहिला पडतो ६६१८ रुपये फूट आणि दुसरा ६३९१. दुसऱ्यात जागा १० फूट जास्त आणि पैसे ९० हजारांनी कमी. म्हणून बोलणी सुरू करताना पहिला प्रश्न एकच विचारायचा, 'रेरा कार्पेट किती?'

रेरात नोंदलेल्या प्रकल्पाला प्रत्येक प्रकारच्या फ्लॅटचं कार्पेट प्राधिकरणाला कळवावं लागतं. कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून ते बघता येतं. करारपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असलं तरी आकड्याला भाषा आडवी येत नाही. करारातला कार्पेटचा आकडा आणि संकेतस्थळावरचा आकडा एकच आहे का, ते जुळवा. आणखी एक, विक्री करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांपर्यंतच्या जागेवरची, किंवा आठपर्यंत फ्लॅट असलेली इमारत या नोंदणीतून सुटते. आपल्याकडच्या गल्लीतल्या तीन मजली, सहा फ्लॅटच्या इमारती बहुधा यातच बसतात. तिथं संकेतस्थळ उपयोगी पडत नाही. टेप घेऊन स्वतः मोजायचं, गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत, प्रत्येक खोली.

नकाशात आधी वाट शोधा

नकाशा हातात आला की पेन्सिल घ्या. मुख्य दारापासून प्रत्येक खोलीच्या दारापर्यंत आणि तिथून बाथरूमपर्यंत माणूस जसा चालेल तशी तीन फूट रुंदीची पट्टी रंगवा. तीन फूट का, तर पाण्याची घागर किंवा धुण्याची बादली घेतलेला माणूस भिंतीला न घासता तेवढ्यातून जातो. रंगवलेली जागा तुमची नाही, ती वाटेची आहे. तिथं कपाट, सोफा, झोपाळा काही येणार नाही.

१० बाय १५ चा हॉल घ्या. मुख्य दार एका कोपऱ्यात आणि आतल्या खोलीचं दार तिरकं, समोरच्या कोपऱ्यात. वाट कर्णावरून जाते, १८ फूट लांब. तिने ५४ चौरस फूट खाल्ले, आणि उरलेल्या जागेचे दोन त्रिकोण केले. त्रिकोणात बसणारं फर्निचर कुणी बनवत नाही. आता दोन्ही दारं एकाच लांब भिंतीलगत घ्या. वाट ४५ फूट खाते, म्हणजे बचत अवघी नऊ फुटांची. पण शेजारी ७ बाय १५ चा सलग चौकोन उरतो.

त्या चौकोनाची किंमत गावची यात्रा आली की कळते. एका अंथरुणाला तीन फूट रुंदी आणि सहा फूट लांबी लागते. पंधरा फुटांत पाच अंथरुणं शेजारी-शेजारी पडतात, सात फुटांत उशापायथ्याला जागा राहते, आणि रात्री कुणी उठलं तर पाव्हण्यांच्या पायांवरून उड्या न मारता न्हाणीकडे जातं. तिरक्या वाटेच्या हॉलमध्ये तीन अंथरुणं घालतानाही वाद होतात. हॉल दोन्हीकडे तेवढाच, दीडशे फुटांचा.

हे शहाणपण आपल्या जुन्या घरात होतंच. सोपा (ओसरी), माजघर, स्वयंपाकघर, परसू, सगळी दारं एका रेषेत. रस्त्यावरून बघितलं तर परसातली तुळस दिसायची. घर खणांत मोजायचे, खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. रेषेतल्या दारांमुळे वाट एका बाजूने सरळ जायची, बाकीचे खण अखंड राहायचे आणि वारा पुढून मागे खेळायचा. आता उलट झालंय. प्रत्येक खोलीला स्वतंत्र दार पाहिजे म्हणून मधे पॅसेज काढतात आणि तीन फूट रुंद, बारा फूट लांब अंधारी बोळ घरात घेतात. ३६ चौरस फूट, वर ६५०० च्या भावाने सव्वादोन लाखांच्या पुढं. लहान घरात पॅसेज दिसला की इंजिनिअरला विचारा, दोन दारं हलवून तो काढता येतो का. पुष्कळदा येतो.

दार एक फुटावर नको

तीन फुटी दार उघडताना सात चौरस फूट फरशीवरून फिरतं. घरात सहा दारं असली की चाळीसभर फूट दारांच्या फेऱ्यात अडकतात. म्हणून दार भिंतीच्या मध्यावर कधीच नको.

कोपऱ्यापासून दाराचं अंतर दोनच ठेवावं. एक तर चौकटीपुरते चार इंच, म्हणजे दार उघडून भिंतीला टेकतं. नाहीतर सव्वादोन फूट, म्हणजे दाराच्या कडेला दोन फूट खोल कपाट बसतं. एक फुटावर दार ठेवलं की तो एक फूट फुकट गेला, तिथं झाडूशिवाय काही उभं राहत नाही. गवंडी विचारतो, 'दार कुठं घ्यायचं?' आणि आपण हवेत हात करून 'इथं घ्या' म्हणतो. तिथंच चूक होते. टेप लावून खूण करून द्या.

१० बाय १० ची बेडरूम पुरते का? पुरते, पण हिशेब काट्याचा आहे. कपाट दोन फूट, त्यापुढं उघडायला आणि चालायला अडीच फूट, पलंग पाच फूट. झाले साडेनऊ. पलंगाची लांबी साडेसहा फूट, म्हणजे पायथ्याशी साडेतीन फुटांचा पट्टा उरतो. दार त्याच पट्ट्यात उघडलं पाहिजे. ते पलंगाच्या किंवा कपाटाच्या अंगाला आलं की खोली बिघडली, मग ११ फूट केली तरी सुधारत नाही.

आणि हे १० फूट कुठले, तेही विचारा. नकाशातलं माप विटेपासून विटेपर्यंत असेल तर दोन्हीकडच्या गिलाव्यात एक इंच जातो. बाथरूमला भिंतीवर टाइल लागते, तिथं दोन्ही बाजू मिळून तीन इंच जातात. कागदावरचं चार फुटी बाथरूम हातात पावणेचार फूट येतं.

कट्टा : भाकरी कुठं थापणार?

स्वयंपाकाच्या कट्ट्याची खोली दोन फूट आणि पुढं उभं राहायला तीन फूट, म्हणजे एकाच बाजूला कट्टा असेल तर पाच फूट रुंदी पुरते. दोन्ही भिंतींना कट्टा हवा असेल तर मधे साडेतीन फूट धरून साडेसात फूट लागतात. दुसरा कट्टा दीड फूट खोल केला तर सातात भागतं. राष्ट्रीय बांधकाम संहितेत मात्र स्वतंत्र स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर, म्हणजे ५४ चौरस फूट, आणि रुंदी १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट सांगितली आहे.

क्रम असा ठेवायचा: फ्रिज, मग सिंक, मग मोकळा कट्टा, मग गॅस. भाजी बाहेर निघते, धुतली जाते, चिरली जाते आणि पातेल्यात पडते. सिंक आणि गॅस यांच्यामध्ये किमान दोन फूट मोकळा कट्टा हवाच. तयार किचनच्या चित्रांत हे अंतर पुष्कळदा फूटभर असतं, कारण ती चित्रं भाकरी करणाऱ्या घरासाठी काढलेली नसतात. आपल्याकडे गॅसच्या उजव्या हाताला परात, तिच्याशेजारी पिठाचा डबा, पाण्याची वाटी आणि थापलेली भाकरी उचलून तव्यावर टाकायला हाताची मोकळीक, एवढं सगळं लागतं. डावखुऱ्या बाईसाठी डावीकडे. दोन फुटांपेक्षा कमी जागेत परात सिंकच्या काठावर लटकते.

उंचीचंही तसंच. नेहमीचा कट्टा ३२ ते ३४ इंच घेतात. चिरायला, फोडणी द्यायला तो बरोबर, कोपराच्या चारेक इंच खाली. भाकरी थापताना, कणीक मळताना जोर वरून द्यावा लागतो आणि तेवढ्या उंचीवर खांदे भरून येतात. परातीपुरता दोन फुटांचा तुकडा तीन इंच खाली घेतला तर खर्च जवळपास तेवढाच येतो. रोज वीस भाकरी करणाऱ्या बाईला त्या तीन इंचांचा किती आराम पडेल, तिलाच विचारा. कट्टा ओतण्याआधी तिला मापाला उभं करा. हे काम इंजिनिअरने किंवा घरच्या पुरुषांनी परस्पर उरकू नये.

सिलिंडर कट्ट्याखाली ठेवत असाल तर त्या कप्प्याच्या दाराला अगदी खाली, जमिनीलगत जाळी हवी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाला साठतो. वर जाळी आणि खाली बंद फळी हा उपाय उपयोगाचा नाही. शेगडी खिडकीसमोर नको, कारण जून लागला की पश्चिमेचा वारा ज्योत विझवतो. धूर काढणारा पंखा गॅसच्या वर आणि उघडी खिडकी त्याच्यापासून लांब पाहिजे. दोन्ही शेजारी-शेजारी असतील तर पंखा खिडकीतलीच हवा ओढून बाहेर टाकतो आणि मिरचीचा ठसका घरात फिरत राहतो.

'मग हॉल आणि किचन एकत्र करावं का? मोठं दिसतं म्हणतात.' दिसतं खरं. पण रोज फोडणी, आठवड्यातून दोनदा मासे किंवा मटण असेल तर वास आणि तेलाचा चिकटा पडद्यांना, गाद्यांना बसतो. मधली भिंत फरशीपासून साडेतीन फुटांपर्यंत, म्हणजे कट्ट्याच्या थोडी वर, ठेवून त्यावर सरकती काच घेतली तर उजेड मिळतो आणि फोडणीच्या वेळी काच ओढता येते. लहान घराला मला हा मध्यममार्ग सगळ्यांत पटतो.

न्हाणी आणि संडास एकत्र की वेगळे?

घरात एकच असेल तर वेगळे, निःसंशय. बांधकाम संहितेचे आकडेच बघा. एकत्र बाथरूमला किमान २.८ चौरस मीटर. वेगळे केले तर न्हाणी १.८ आणि संडास १.१, बेरीज २.९. जागेत फरक चौरस फुटाचा. एक भिंत आणि एक दार वाढतं, पण सकाळी सातला दोन माणसं मोकळी होतात.

एकत्र असेल तर दारातून आत क्रम कोरड्याकडून ओल्याकडे हवा: आधी बेसिन, मग कमोड, शेवटी अंघोळीची जागा. कमोडच्या मध्यापासून दोन्हीकडच्या भिंतीला किमान १५ इंच सोडा. फरशीचा उतार पाच फुटांना एक इंच, जाळीकडे.

गळती हा फ्लॅटमधल्या भांडणाचा सगळ्यांत मोठा विषय. बाथरूमखालचा स्लॅब खोल घेऊन त्यात भर टाकतात, आणि टाइलच्या सांध्यांतून मुरलेलं पाणी त्या भरावात साठून खालच्या घरात उतरतं. वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल बसवण्याआधी तीन दिवस पाणी कोंडून ठेवा आणि खालून स्लॅब बघा. टाइल बसल्यावर ही परीक्षा घेता येत नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरने ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करायचा, असं रेरा सांगतो. तक्रार लेखी द्या, तोंडी राहिली की तारीख सिद्ध होत नाही.

'आमचं घर बारा फुटी, दोन्हीकडे शेजाऱ्याची भिंत. उजेड आणायचा कुठून?'

हा प्रश्न खडेबाजारापासून खासबागेपर्यंत आणि निपाणीच्या जुन्या पेठेतही आहे, म्हणून याच्यावर थोडं जास्त.

खिडकीतून आलेला उजेड खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या दुपटीपर्यंत नीट पोचतो. माथा सात फुटांवर असेल तर चौदा-पंधरा फूट. साठ फूट लांब घरात पुढचे पंधरा आणि मागचे पंधरा फूट उजळतात, मधले तीस फूट दिवसा दिवा लावून. मोठी ट्यूब लावून हे सुटत नाही, कारण तिथं हवाही कोंडते. पावसाळ्यात आधी भिंतीला बुरशी आणि मग कपाटातल्या कपड्यांना वास.

आधी भिंतीची जाडी बघा. जुनी जांभ्याची भिंत १५ इंच. दोन्ही बाजूंची मिळून अडीच फूट, बारातले उरले साडेनऊ. पाडून नवं बांधत असाल तर कॉलम-बीम आणि सहा इंची ब्लॉकची भिंत घेतली की आत ११ फूट मिळतात. फक्त शेजाऱ्याची आणि तुमची भिंत सामाईक असेल तर तिला हात लावण्याआधी लेखी संमती आणि इंजिनिअर, दोन्ही हवेत. त्याची तुळई तुमच्या भिंतीवर टेकलेली असू शकते.

आता मधला अंधार. घराच्या बरोबर मधोमध सात फूट रुंद, पाच फूट लांब चौक आकाशाला उघडा सोडा. आतल्या ११ फुटांत, मधली भिंत वजा जाता, शेजारून वाटेला तीन फूट तरी राहतात. ३५ चौरस फूट गेले, घराच्या शेकडा पाच. बदल्यात चौकाच्या दोन्ही अंगांना आठ-दहा फूट उजेड मिळतो. भिंती पांढऱ्या ठेवा, दाराच्या जागी पूर्ण उंचीची जाळी किंवा काच घ्या. जी थोडी जागा तरीही अंधारी राहते तिथं जिना, न्हाणी, कोठी ठेवा. न्हाणीची वरची झडप चौकात उघडली की तिचाही प्रश्न सुटतो. जिना चौकाला लागून असेल आणि गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीला खिडक्या असतील तर गरम हवा तिथून वर निघून जाते, धुराड्यासारखी.

'बेळगावचा पाऊस आणि घरात उघडा चौक? घर भरून जाईल!' हिशेब करून बघू. तासात दोन इंच पाऊस म्हणजे मुसळधार. ३५ चौरस फुटांवर त्याचं पाणी होतं १६५ लिटर. चार इंची पाइप ते सहज वाहून नेतो. बुडवतं ते वेगळंच. गच्चीचा उतार चौकाकडे काढला की ७२० फुटांवरचं ३४०० लिटर पाणी त्याच पाइपात येतं, त्यात जाळीवर पानं साठलेली असतात, आणि मग सोप्यापर्यंत पाणी. म्हणून गच्चीचं पाणी पुढं आणि मागं काढायचं, चौकाभोवती गच्चीवर नऊ इंचांचा कठडा, चौकाची फरशी घरापेक्षा चार इंच खाली आणि पाइप एकाऐवजी दोन. पाऊस अजिबात नको असेल तर वर पारदर्शक पत्रा टाका, पण तो कठड्यापासून फूटभर वर उचलून. सगळ्या बाजूंनी बंद केला तर चौकाची भट्टी होते. खानापूर-जांबोटीकडे, जिथं झड आठवडा-आठवडा राहते, तिथं हा पत्रा मी आवश्यकच धरेन. अथणी-गोकाककडे कोरड्या हवेत चौक उघडा ठेवलेला बरा.

फ्लॅटवाल्यांसाठी खिडकीची एक गोष्ट. खोलीच्या फरशीच्या सहाव्या ते आठव्या हिश्श्याएवढी खिडकी हवी असं धरलं तर १० बाय १० ला चार बाय चारची पुरते. पण सरकत्या काचेची खिडकी उघडते निम्मीच. उजेड १६ फुटांचा, हवा आठ फुटांची. बाहेर उघडणाऱ्या झडपांची घेतली तर हवाही पूर्ण मिळते. पश्चिमेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला अर्ध्या इंचाची खाच पाहिजे, नाहीतर पाणी छज्ज्याच्या पोटावरून चालत येऊन भिंतीत शिरतं.

'मधली भिंत पाडली तर?'

कॉलम-बीमच्या इमारतीत चार इंची आडभिंत बहुधा भार घेत नसते. तरी इंजिनिअरला दाखवूनच पाडा. जांभ्याच्या किंवा नऊ इंची विटांच्या जुन्या घरात भिंतच छप्पर तोलते, तिथं मोठं दार काढायचं तरी आधी वर बीम टाकावा लागतो. काही नव्या इमारतींत सगळ्या भिंती काँक्रीटच्या ओततात. तिथं एक भोकही विचारल्याशिवाय नको.

'वास्तूचं काय?'

ज्याचा विश्वास आहे त्याने तो पाळावा. पण लहान घरात सगळेच नियम एकदम बसत नाहीत. मुख्य दार, गॅस आणि देवघर या तीन गोष्टी आधी ठरवा, त्या नकाशाच्या पहिल्या दिवशीच सांगा आणि बाकीचं उजेड-वाटेवर सोडा. तयार फ्लॅटमध्ये संडासाची दिशा बदलायला जाऊ नका. मैल्याच्या पाइपाला ४० इंचांना एक इंच उतार लागतो, दहा फूट सरकवलं तर तीन इंच. तेवढी खोली खाली नसते आणि मग पाइप तुंबतो.

पाण्याची जागा नकाशात नसते

शहराच्या काही भागांत चोवीस तास पाणी आहे, बाकीकडे पाणी कधी सुटेल त्यावर घराचं वेळापत्रक. माणशी रोज १३५ लिटर हे नेहमीचं प्रमाण. पाच माणसांना ६७५. समजा चार दिवसांनी पाणी येतं, तर २७०० लिटर साठवण हवी. पाच बाय पाचचा आणि चार फूट पाणी राहील एवढा संप, म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, २८३० लिटर घेतो. तो वाटेखाली घ्या, झाकण चालण्याच्या मधोमध येऊ देऊ नका, आणि संडासाच्या टाकीपासून लांब ठेवा. वरची हजार लिटरची टाकी भरली की टनभर वजन. ती कॉलमच्या डोक्यावर, स्लॅबच्या मध्यावर नाही.

वॉशिंग मशीनला दोन बाय दोन फूट, नळ आणि जाळी. धुणं वाळत घालायच्या बाल्कनीची वाट स्वयंपाकघरातून जात असेल तर कट्ट्यापुढं तीनऐवजी चार फूट ठेवा, नाहीतर गरम तेलाच्या कढईमागून ओल्या बादल्या जातात. आणि जुलैत कपडे वाळायला छताखाली आठ-दहा फुटांच्या तीन दोऱ्या लागतील, त्यांचे हूक स्लॅब ओततानाच सोडायला सांगा.

फक्की मारून बघा

नकाशा कितीही वाचला तरी तीन फूट म्हणजे किती, हे कागदावर अंगाला कळत नाही. पाया आखायला गवंडी वापरतो ती पांढरी फक्की पाच किलो आणा. प्लॉटवर, गच्चीवर किंवा घरापुढच्या मोकळ्या जागेत नकाशा खऱ्या मापाने आखा: भिंती दुहेरी रेषेने, दारं उघडतील तेवढी गोलाई. मग घरातला खरा पलंग, एक खुर्ची, परात आणि बादली आणून ठेवा. घरातल्या सगळ्यांनी सकाळ करून बघायची. एकाने न्हाणीकडे जायचं, एकाने कट्ट्यावर उभं राहायचं, एकाने पाहुण्याला दार उघडायचं. आजीला पलंगावरून उठवून संडासापर्यंत चालवा आणि वाटेत तिला हाताला धरायला भिंत मिळते का ते बघा. मुद्दाम काठी घेऊन चालवा.

जिथं कुणी कुणाला धडकलं, जिथं खुर्ची दाराच्या गोलाईत आली, तिथं नकाशावर लाल खूण करा आणि तो कागद इंजिनिअरला द्या. मंजुरीला जाण्याआधी दार हलवायला पेन्सिल लागते. कॉलम ओतल्यावर त्याच दारासाठी ब्रेकर आणावा लागतो.